न उगवणारा चंद्र

संकष्टीचा उपास दिवसभर कुणालाच जड जात नाही. जड जातो तो दिवेलागणीपासून चंद्र उगवेपर्यंतचा वेळ. स्वयंपाक झालेला असतो, मोदकांचा वास घरभर फिरत असतो आणि वरच्या त्या गृहस्थाला मात्र कसली म्हणून घाई नसते. अमरावतीला अंबापेठेत मोरोपंत वकिलांच्या गच्चीवर आळीतल्या दहाबारा बायका दर संकष्टीला जमत, त्या हा वेळ काढायला. पूर्वी तिथे भजनं होत. मग भजनांच्या मधे सुनांच्या कागाळ्या शिरल्या, आणि हळूहळू भजनं गेली, कागाळ्या उरल्या. अशात तारा आली.

तारा म्हणजे मुलींच्या शाळेतली सायन्सची मास्तरीण. नागपुराहून बी.एस्सी. झालेली, तिशीला टेकलेली आणि बिनलग्नाची. मोरोपंतांच्याच घरामागच्या खोलीत ती भाड्यानं राही. अकोल्याला तिचा थोरला भाऊ हरिहर होता आणि त्याच्याशी तिचा एक करार होता. नोकरी आहे तोवर लग्नाचा विषय काढायचा नाही. नोकरी गेली की मुकाट्यानं अकोल्याला यायचं आणि दादा म्हणेल त्याच्या गळ्यात माळ घालायची. दादानं माणूस हेरूनही ठेवला होता. बाळापूरचे एक बिजवर, तीन मुलांचे वडील, स्वभावानं फार शांत, म्हणजे घरात कुणाशी बोलतच नसत. ताराची नोकरी अजून कायम झाली नव्हती, आणि ती कायम करणाऱ्या कमिटीचे चिटणीस होते मोरोपंत. एवढं सगळं एकाच माणसाच्या हातात असलं की त्या माणसाचा हात जरा जडच होतो.

या घराची आणखी एक रीत होती. मोरोपंत खाली बैठकीत पंचांग आणि घड्याळ समोर घेऊन बसत आणि वेळ झाली की जिन्यातून वर हाक मारत, "उगवला." त्या हाकेशिवाय गच्चीवर कुणी अर्घ्य देत नसे. ढगाळ असलं तर ठीकच होतं. पण चंद्र लिंबाच्या शेंड्यावर येऊन चांगला लखलखीत उभा असला, तरी बायका हाकेसाठी थांबून राहत. चंद्र आपण पाहिला म्हणजे उगवला, असं त्यांच्यापैकी कुणाला वाटतच नव्हतं.

चैत्रातल्या संकष्टीला मोरोपंतांच्या पत्नी रमाबाई म्हणाल्या, "ताराताई, तुम्ही एवढ्या शिकलेल्या, एखादी गोष्ट तरी सांगा. या सगळ्यांच्या सुनांची गाऱ्हाणी ऐकून ऐकून कान किटले."

ताराला गोष्टी येत होत्या, पण तिची एक अट होती. थाप मारायची ती एकच, आणि तीही पहिल्याच वाक्यात. त्यानंतर सगळं हिशेबानं व्हायला हवं. तिनं त्या दिवशी मारलेली थाप अशी होती, की एक दुनिया आहे आणि ती तिच्याहून कितीतरी मोठ्या गोळ्याभोवती फिरते. तिथली माणसं त्या मोठ्या गोळ्याला चंद्र म्हणतात. आपला चंद्र जसा आपल्याकडे सदा एकच तोंड करून असतो, तशी ही दुनियाही आपली एकच बाजू त्या गोळ्याकडे करून फिरते. ती सावकाश फिरते, म्हणून तिथला एक दिवस आपल्या अख्ख्या खरिपाएवढा असतो. सकाळी पेरायचं, दुपारी निंदायचं आणि संध्याकाळी ज्वारी सोंगायची. मग तेवढीच लांब रात्र येते, सगळं गोठतं, आणि लोक धान्याच्या पेवांसारखी खोल घरं करून जमिनीखाली राहतात.

बायका गुंग झाल्या. पेवात बाळंतीण कुठे ठेवत असतील, यावर बरीच चर्चा झाली. ताराही रंगात आली आणि बोलून गेली, "अशा एका गावात संकष्टीला चंद्र डोंगरामागून वर आला..."

"पण ते एकच तोंड करून फिरणं काही माझ्या ध्यानात आलं नाही बाई," रमाबाई मधेच म्हणाल्या.

मग समई मधे आली. आळीतल्या गंगूबाईंना उभं केलं. अंगानं भरलेल्या गंगूबाई समईकडे तोंड करून तिच्याभोवती आडव्या आडव्या फिरू लागल्या. समई म्हणजे चंद्र, गंगूबाई म्हणजे दुनिया. एक फेरी झाली, दोन झाल्या.

"अगं, हिच्या नाकासमोरून समई हलतच नाही की," रमाबाई म्हणाल्या.

तारानं समईकडे पाहिलं. चूक तिच्या आत्ता लक्षात आली. जन्मभर चंद्र उगवताना पाहिलेला, म्हणून तोंडातून सवयीनं ‘वर आला’ निघून गेलं होतं. "तिथे चंद्र उगवतच नाही," ती म्हणाली. "मावळतही नाही. एका जागी टांगल्यासारखा असतो. कलेकलेनं वाढतो, कमी होतो, पण जागा सोडत नाही."

"मंग उपास कवा सोडाचा?" हे पार्वताबाईंनी विचारलं. पार्वताबाई हिवरखेडच्या, घरची काळीभोर जमीन. मुलाच्या शिक्षणासाठी अमरावतीला बिऱ्हाड करून राहिलेल्या. बायका हसल्या, पण पार्वताबाई हसल्या नाहीत. त्यांनी गंगूबाईंच्या पाठीवर थाप मारली. "अन् या इकडच्या आंगाले जे गाव आहे, तिथल्या बायाईचं काय? तिथं तं चंद्र दिसतच नाही. त्याईनं काय जलमभर उपाशी राहाव?"

तेवढ्यात खालून हाक आली, आणि सगळ्या मोदकांकडे वळल्या. तारा मात्र त्या रात्री खोलीत बराच वेळ जागी होती. दुनिया तिनं रचली होती, पण त्या दुनियेचा जीव कुठे आहे हे पार्वताबाईंनी बोट ठेवून दाखवलं होतं.

पुढच्या चतुर्थ्यांना गोष्ट वाढत गेली. चंद्राकडच्या बाजूचे काही लोक फार पूर्वी पाठीकडच्या बाजूला जाऊन वसले. चंद्र पाहून उपास सोडायची रीत त्यांनी बरोबर नेली, चंद्र काही नेता आला नाही. मग तिथल्या बायांनी उपास सोडायचा कधी, याचा तोडगा निघाला. वर्दीदार म्हणून पुरुषांचा एक वर्ग झाला. ते दोन्ही बाजू मिळतात त्या कडेवरच्या डोंगरांपर्यंत जात, चंद्र पाहून परत येत आणि गावोगाव वर्दी देत, की उगवला. मग बायका जेवत. वर्दीदार वाटेत कुठे गप्पांत रमले, कुणाकडे पाहुणचाराला थांबले, तर बायका तेवढा वेळ उपाशी. आणि भागी नावाची एक बाई होती. तिचं म्हणणं एवढंच, की एकदा मला पाहायचाय. एका सकाळी, म्हणजे त्यांच्या लांबलचक सकाळी, ती भाकरी बांधून निघाली.

भागी निघाली आणि गच्चीवरच्या बायकांची झोप उडाली. विहिरीवर, देवळात, हळदीकुंकवात विषय एकच, भागी पोचली का. आणि आषाढातल्या संकष्टीला, आभाळ भरून आलेलं असताना, जिन्यातून हाक आली तेव्हा रमाबाईंनी वरूनच सहज विचारलं, "तुम्हाला दिसला का?"

लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला.

दुसऱ्या दिवशी मोरोपंतांनी ताराला बैठकीत बोलावलं. माणूस काही दुष्ट नव्हता. मुलींची शाळा निघावी म्हणून ते चार लोकांशी भांडले होते, आणि हे ते स्वतः विसरत नसत व दुसऱ्यालाही विसरू देत नसत.

"गोष्ट चांगली आहे," ते म्हणाले. "शेवट मी सांगतो तसा करा. ती बाई कडेला पोचते, चंद्राकडे पाहते आणि आंधळी होते. वर्दीदार दयाळूपणानं तिला हात धरून घरी आणतात."

"आंधळी कशानं होते?"

"पापानं."

"सूर्याकडे टक लावून पाहिलं तर डोळे जातात. चंद्राकडे पाहून कुणाचे गेल्याचं मी ऐकलं नाही."

"ताराबाई, गोष्ट तुमची, दुनिया तुमची. तुम्हीच रचलीत, तुम्हीच बदला. त्यात एवढं काय?"

"पहिली थाप तेवढी माझी होती," तारा म्हणाली. "बाकीचं माझ्या हातात नाही. तिथला चंद्र मी सांगितलं म्हणून हलणार नाही, आणि तुम्ही सांगितलं म्हणूनही नाही."

मोरोपंतांनी चष्मा काढून पुसला. "श्रावणातल्या संकष्टीनंतर कमिटीची बैठक आहे. तुम्हाला कायम करायचं की कमी करायचं, हा विषय आहे. संकष्टीला मी स्वतः वर येऊन शेवट ऐकणार."

मधे दोन दिवसांची सुटी होती म्हणून तारा अकोल्याला गेली. हरिहरनं सगळं ऐकून घेतलं आणि तो खरोखर चक्रावला. "अगं, एक बाई आंधळी झाली तर तुझं काय जातं? खरी आहे का ती? नोकरी मात्र खरी आहे. आणि बाळापूरचे लोकही खरे आहेत, परवाच विचारून गेले."

त्याची बायको वच्छला पोळ्या लाटत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "पण पोचते का हो ती?" हरिहरनं तिच्याकडे पाहिलं, तशी ती पुन्हा लाटू लागली.

परतीच्या गाडीत तारानं आंधळेपणाचा प्रामाणिकपणे विचार केला. नोकरी तिला हवी होती. ती खोली, ती शाळा, प्रयोगाच्या तासाला मुलींचा होणारा गलका, हे सगळं तिला जिवापाड हवं होतं, आणि बाळापूरच्या शांत गृहस्थांच्या घरात भिंतीकडे बघत बसायच्या कल्पनेनं तिचा जीव गुदमरत होता. मूर्तिजापूर येईस्तोवर तिला वाट सापडलीसुद्धा. कडेवर उंच डोंगर आहेत. लांब रात्रीचा बर्फ तिथे दुपारपर्यंत टिकणार. बर्फावरून परतलेल्या उन्हानं माणसाचे डोळे खरोखर जातात, हिमालयात जाणाऱ्यांचे जातात. म्हणजे भागीला आंधळी करता येत होतं आणि हिशेबही मोडत नव्हता. मोरोपंत खूश, कमिटी खूश, दादाचा विषय बंद. तारा खिडकीशी बसून स्वतःवरच खूश झाली.

आणि मूर्तिजापूरच्या फलाटावर गाडी उभी असताना तिला दुसरी गोष्ट सुचली, तशी ती एकदम ताठ बसली. बर्फाला बाई कोण आणि वर्दीदार कोण हे कळत नाही. भागीचे डोळे एका खेपेत जात असतील, तर वर्दीदार तर त्याच वाटेनं दर खेपेला जातात. त्यांचे कसे राहतात? एकाला लागू आणि दुसऱ्याला माफ, असा नियम माणसांच्या कमिटीत चालतो, उन्हात चालत नाही. हे सुचल्यावर तिला मागे फिरता येईना. तिला राग आला, आणि तो राग फार गोड लागला.

श्रावणातली संकष्टी आली. दोन दिवस आभाळ गच्च होतं. गच्चीवर त्या दिवशी वीसेक बायका होत्या, काही तर उपास नसलेल्याही. मोरोपंत वर आले, त्यांच्यासाठी खुर्ची आली. तारानं सुरुवात केली.

"भागी डोंगरावर पोचली. बर्फावरचं ऊन इतकं झोंबणारं होतं, की तिचे डोळे आगीसारखे जळू लागले, आणि एकाएकी तिला दिसेनासं झालं."

मोरोपंतांनी मान डोलावली. इथे थांबलं असतं तर पुरलं असतं, आणि तारालाही ते ठाऊक होतं. तिनं एकदा समोर बसलेल्या बायकांकडे पाहिलं.

"पण बर्फानं गेलेले डोळे परत येतात," ती पुढे म्हणाली. "काळोखात बांधून ठेवले, विश्रांती दिली, की येतात. भागी एका कपारीत पदर डोळ्यांवर बांधून पडून राहिली. मग पदर सोडला, तेव्हा तिला खालच्या वाटेवर वर्दीदार दिसले. बर्फ सुरू होतो त्या जागी ते बसले होते. सगळ्यांच्या डोळ्यांवर जाड पट्ट्या होत्या. कारण उन्हानं त्यांचेही डोळे जळले असते. थोडा वेळ बसून, पट्ट्या तशाच ठेवून, एकमेकांना धरून ते मागे फिरले, आणि खाली उतरल्यावर पट्ट्या सोडून वर्दी द्यायला गावाकडे निघाले. चंद्र त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. त्यांच्या बापांनीही नाही."

"अरे देवा," गंगूबाई हळूच म्हणाल्या.

"भागीनं पदराचे दोरे ओढून बारीक फटीएवढी जागा केली, तो पुन्हा डोळ्यांवर बांधला आणि ती वर चढत राहिली. डोंगराच्या माथ्याशी चंद्राची कड दिसली. ती चालली की चंद्र वर येई, थांबली की थांबे. तिथे चंद्र उगवतो तो चालणाऱ्यापुरताच. ती पलीकडे उतरली, तेव्हा तो पुरता वर आला होता, आणि तिथल्या लोकांनी तिला सांगितलं, की हा इथेच असतो, नेहमी. तेव्हा भागी तिथेच बसून रडली. आई, आजी, पणजी, सगळ्या कुणासाठी उपाशी थांबल्या, हे तिला कळेना. मग तिनं बांधून आणलेली भाकरी खाल्ली आणि ती परत निघाली. गावात गेल्यावर तिनं वर्दी दिली नाही. ती एवढंच म्हणाली, माझ्यावर विश्वास ठेवू नका, चला, दाखवते. संपली गोष्ट."

मोरोपंत उठले. त्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. "तुम्ही कमिटीपुढे यायची गरज नाही," ते म्हणाले. "उद्यापासून शाळेतही नको. खोली महिनाअखेर मोकळी करा."

"बरं," तारा म्हणाली. अकोल्याची गाडी, बाळापूरची भिंत, सगळं तिच्या डोळ्यांसमोर आलं. तरीही शेवट बदलावा असं तिला एकदाही वाटलं नाही, आणि याचा तिला स्वतःलाच अभिमान वाटला.

मोरोपंत धाडधाड जिना उतरून गेले. आभाळात चांदणीसुद्धा नव्हती. कचेरीचे नऊ टोल पडले. खालून हाक येईना. आणखी वेळ गेला, तरी येईना. रागावलेल्या माणसाच्या हातात वीस बायकांचं जेवण होतं.

एक म्हातारी कंटाळून म्हणाली, "मास्तरीणबाई, तुम्हीच सांगा न, उगवला असंल का?"

तारानं तोंड उघडलं, तर पार्वताबाईंनी हात वर केला. "तू नोको सांगू, पोरी. तूच म्हणून राहिली न, कोणावर इस्वास ठेवू नोका. मंग तुह्यावर कावून ठेवाव? आमी काढतो."

आणि बायका हिशेबाला बसल्या. आभाळ भरायच्या आधी चंद्र कुणी शेवटचा पाहिला? गंगूबाईंनी पाहिला होता, परवा, द्वितीयेला, दोरीवरचे कपडे काढताना. कचेरीचे आठ टोल पडले तेव्हा तो नुकता लिंबामागून डोकावत होता. रोज किती मागे पडतो? दोन घटका, हे रमाबाईंना माहेरापासून माहीत होतं. या दिवसांत थोडं कमीच, एक जण म्हणाली. "असू दे," रमाबाई म्हणाल्या, "दोनच धरू. उशीर होईल, लवकर तर होणार नाही." दोन दिवसांच्या चार घटका, म्हणजे दीड तास आणि वर थोडं. बोटांवर मोजून झालं, पुन्हा एकदा मोजून झालं. तारा भिंतीशी बसून ऐकत होती आणि तिला एका शब्दाचीही भर घालावी लागली नाही.

साडेनवाचा एक टोल पडला. त्यानंतर आणखी थोड्या थांबल्या, तो वेळ त्यांनी स्वतःच ठरवला. मग रमाबाई उठल्या. पूर्वेच्या ढगांकडे तोंड करून, डोळे मिटून त्यांनी अर्घ्य दिलं, नैवेद्य दाखवला आणि ताटं मांडली. पहिला मोदक त्यांनी ताराच्या हातात ठेवला. "महिनाअखेर कुठे जाणार ते नंतर बघू," त्या म्हणाल्या. "आधी खा."

ताटांचा आवाज खाली गेला असावा. जिन्यात पावलं वाजली. मोरोपंत अर्ध्या जिन्यात, पंचांग हातात धरून उभे होते, वर चाललेलं जेवण बघत.

"अजून मी सांगितलं नाही," शेवटी ते म्हणाले.

रमाबाई ताकाचं भांडं खाली ठेवून म्हणाल्या, "आम्ही विचारलंच नव्हतं."